पॉलिश शेवटी नव्हे, आधी ठरवा

फर्निचरच्या धंद्यात गिऱ्हाइकाची आवड बदलली आहे, ही गोष्ट आपल्या कारागीर बांधवांना सांगण्याची गरज नाही. पूर्वी नगरच्या घरात सागवान हवे असे, ऐपत असेल तर शिसम. त्यावर लाखेचे पॉलिश चढे. वर्षे जात तसतसा रंग गडद होई आणि घरमालक कौतुकाने म्हणे, ‘काय रंग चढलाय!’ आज सावेडी, केडगाव, संगमनेर, श्रीरामपूर, कुठल्याही नव्या फ्लॅटमध्ये जा. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी आणि फर्निचरही फिकटच हवे. वखारीत पाईन, रबरवूड, बीच आणि अ‍ॅशच्या वीनियरला मागणी आहे. आपल्या भागातला आंबा आणि शिवण यांनाही पुन्हा भाव आला आहे. या फिकट लाकडावर जो रंग चढतो तो मात्र कौतुकाचा नसतो. तो पिवळा असतो, आणि त्याची तक्रार आपल्याच दारी येते.

ही तक्रार टाळता येते का? बऱ्याच अंशी येते. पण त्यासाठी आपल्या धंद्यातली एक जुनी सवय मोडावी लागेल. पॉलिश हे सर्वांत शेवटचे काम, उरलेल्या पैशात उरकायचे काम, ही ती सवय होय.

एका कपाटाची गोष्ट

माझ्या हातून गेलेल्या एका कामाची हकीकत सांगतो, कारण चूक माझीच होती. फिकट वीनियरचे कपाट आणि पलंग असे काम होते. भाव ठरवताना लाकूड, प्लाय, बिजागऱ्या, मजुरी सगळे मोजले आणि शेवटी ‘पॉलिशसह’ असा एक शब्द टाकला. कोणते पॉलिश, ते ना गिऱ्हाइकाने विचारले ना मी सांगितले. काम लांबले, पैसे आटले. मग बाहेरून नेहमीचे स्वस्त लॅकर मारले आणि आतल्या फळ्यांवर दुसऱ्या कामातले उरलेले तेलाचे वॉर्निश. काम दिले त्या दिवशी कपाट दुधासारखे दिसत होते.

सव्वा वर्षाने बोलावणे आले. घरमालक भांडले नाहीत. त्यांनी दारावर टांगलेले कॅलेंडर फक्त उचलले. खाली पांढरा चौकोन होता आणि भोवती सगळे दार पिवळे. मग त्यांनी दार उघडले. आतल्या फळ्यांना ना ऊन लागत होते ना उजेड, तरी त्या दारापेक्षाही अधिक पिवळ्या पडल्या होत्या. ‘मिस्त्री, हे असे होणार हे तुम्हाला माहीत होते का?’ एवढेच त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फर्निचर दुसऱ्या दुकानातून गेले.

त्या एका कपाटात या विषयाचे सगळे शिक्षण होते. फक्त ते मला उशिरा समजले.

पिवळेपणाची दोन कारणे

पहिले कारण लाकडाचे स्वतःचे. लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. लाकडाच्या वजनात त्याचा वाटा साधारण चौथ्या हिश्श्याचा. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याच्यावर पडले की तो बदलतो आणि पिवळा-तपकिरी होतो. खिडकीची साधी काच या किरणांचा काही भागच अडवते, बराचसा आत येतो. म्हणून घरातले फर्निचरही रंग बदलते. कॅलेंडरखालचा चौकोन पांढरा राहिला तो यामुळे.

दुसरे कारण पॉलिशचे. काही पॉलिशे डब्यातच तांबूस-पिवळी असतात. काही लावताना स्वच्छ दिसतात आणि पुढे पिवळी पडतात. आत फळ्यांवर लावलेले तेलाचे वॉर्निश दुसऱ्या जातीतले. जवसाच्या तेलाची तर खोडच उलटी आहे. ते उजेडापेक्षा अंधारात जास्त पिवळे पडते. कपाटाच्या आतली फळी, पलंगाचा खण, ड्रॉवरची आतली बाजू पिवळी दिसली तर ऊन कारण नाही, तेल कारण आहे, असे खुशाल समजावे.

ही दोन कारणे वेगळी ओळखता आली की उपायही वेगळे सुचतात. लाकडाचा बदल मंद करता येतो, थांबवता येत नाही. पॉलिशचा बदल मात्र योग्य माल निवडून जवळजवळ टाळता येतो.

कोणते पॉलिश कसे वागते

लाख. हा आपला जुना, इमानी माल. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यापासून लाख मिळते. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये लाखेच्या संशोधनासाठी खास संस्था निघाली, एवढे या मालाचे महत्त्व. मिरजेला शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी, फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून, तंतुवाद्यांचा जो हुन्नर उभा केला त्यातही लाखेचे पॉलिश आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिथे लाखेची सोनेरी झाक हवी असते, इथे ती नको आहे. साधा चपडा लाकडाला पहिल्या हातापासूनच नारिंगी करतो. विरंजन केलेली पांढरी लाख मिळते, तिचा रंग फार बदलत नाही. परंतु ती साठवणीत लवकर खराब होते, जुनी झाली की स्पिरीटमध्ये नीट विरघळत नाही. शिवाय गरम कप किंवा पाण्याचा पेला ठेवला की डाग उमटतो. शोभेच्या छोट्या वस्तूला चालेल, जेवणाच्या टेबलाला नाही.

तेल आणि तेलाची वॉर्निशे. लाकडाची रेघ खुलवतात, लावायला सोपी, कॉम्प्रेसर लागत नाही. पण फिकट लाकडाला यांच्यापासून दूर ठेवावे. तेलातही फरक आहे. जवसापेक्षा करडईच्या तेलापासून केलेला माल कमी पिवळा पडतो. म्हणूनच पांढऱ्या रंगांसाठी आपल्या रब्बीच्या शेतातल्या या पिकाच्या तेलाला मान आहे. तरीही ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे.

एनसी लॅकर. म्हणजे नायट्रोसेल्युलोज. झटपट सुकते, स्वस्त पडते, बिघडले तर थिनरने दुरुस्त होते. पण उजेडाने आणि उष्णतेने पिवळे पडणे हा त्याचा स्वभाव आहे. पावसाळ्यात दमट हवेत मारले तर वर पांढुरकी धुंदी येते ते वेगळेच. सँडिंग सीलर म्हणून जो माल आपण डोळे झाकून वापरतो तो बहुधा याच जातीचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

मेलामाईन. आपल्याकडे सर्वांत जास्त चालणारे. कडक होते, चमक चांगली, भाव परवडणारा. गडद लाकडावर याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण फिकट लाकडावर कालांतराने याची पिवळसर झाक दिसू लागते.

पीयू. म्हणजे पॉलियुरेथेन. याचे रसायन १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी शोधले. आज ‘पीयू मारले’ म्हटले की गिऱ्हाईक निश्चिंत होते, आणि इथेच मोठा घोळ आहे. दोन डब्यांच्या पीयूत हार्डनर दोन जातींचे असतात. अ‍ॅरोमॅटिक हार्डनर स्वस्त, लवकर सुकणारा, पण उजेडात पिवळा पडणारा. अ‍ॅलिफॅटिक हार्डनर महाग, पण रंग टिकवणारा. डब्यावर फक्त ‘पीयू’ लिहिले असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ‘नॉन-यलोइंग’ किंवा ‘अ‍ॅलिफॅटिक’ हा शब्द शोधावा. तो नसेल तर दुकानदाराकडून कंपनीचे माहितीपत्रक मागावे. मागायला लाजू नये. माल विकणाऱ्याने ते देणे हा उपकार नाही.

पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक किंवा अ‍ॅक्रिलिक-पीयू. डब्यात दुधासारखे दिसते, सुकल्यावर पाण्यासारखे स्वच्छ. लाकडाला आपला रंग देत नाही आणि पुढेही फारसे पिवळे पडत नाही. वासाचा त्रास कमी, राहत्या घरात काम करायला सोयीचे. घरगुती फिकट फर्निचरसाठी माझी पहिली पसंती याला. जेवणाचे टेबल, शिर्डीच्या हॉटेलातल्या खोल्या, दुकानाचा काउंटर अशा जास्त वापराच्या जागी मात्र अ‍ॅलिफॅटिक पीयू बरे.

निवड बरोबर, काम चुकीचे

चांगला माल आणूनही काम फसते, कारण आपण अर्धेच बदलतो. खाली जुना एनसी सीलर आणि वर महागडे न पिवळणारे पीयू मारले तर वरचा थर स्वच्छ राहतो, खालचा पिवळा पडतो आणि दोष महागड्या मालाला लागतो. सीलरपासून टॉप कोटपर्यंत सगळे थर न पिवळणारेच हवेत, शक्यतो एकाच कंपनीचे. हार्डनरही त्याच डब्याचा, सांगितलेल्या मापात. शिल्लक राहिलेला दुसरा हार्डनर ‘चालून जाईल’ म्हणून घालणे म्हणजे पिवळेपणाला घरात बोलावणे होय.

पाण्यावरच्या मालाची दोन पथ्ये आहेत. पाणी लागले की लाकडाचे रोम उभे राहतात. म्हणून आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसून सुकू द्यावे, बारीक पॉलिश पेपरने हलका हात फिरवावा आणि मग पहिला थर द्यावा. दुसरे पथ्य लोखंडाचे. दोन थरांमध्ये लोखंडी तारेचा काथ्या घासू नये. त्याचे कण अडकून गंजतात आणि पांढऱ्या लाकडावर तांबडे ठिपके उमटतात. पावसाळ्यात दोन थरांमध्ये जास्त वेळ द्यावा.

लाकूडच अधिक पांढरे हवे असेल तर सीलरमध्ये अगदी थोडा पांढरा रंग मिसळण्याची रीत आहे. पिवळी झाक त्याने दबते. प्रमाण जास्त झाले तर रेघांवर दुधाळ पडदा दिसतो, म्हणून आधी तुकड्यावर करून पाहावे. ज्या पॉलिशमध्ये अतिनील किरण शोषणारे घटक असतात ते लाकडाचा स्वतःचा बदलही लांबवते. पण लांबवते, एवढेच. ‘कायम पांढरे राहील’ हा शब्द कोणी देऊ नये. तो कोणाच्याही हातात नाही.

जुने पिवळे काम दुरुस्तीला आले तर आधी जात ओळखावी. कोपऱ्यात स्पिरीटचा बोळा घासला आणि थर विरघळला तर लाख. स्पिरीटने नाही पण थिनरने विरघळला तर एनसी. दोन्हीने हलला नाही तर मेलामाईन किंवा पीयू, आणि मग घासण्याशिवाय मार्ग नाही. वीनियर असेल तर सावध, कारण त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असते. मशीन एकदा जास्त फिरली की खालचा प्लाय दिसू लागतो.

‘गिऱ्हाईक पैसे देत नाही’

यावर आपले बांधव एकच उत्तर देतात. गिऱ्हाईक पैसे देत नाही, मग महाग माल कुठून मारायचा? ही अडचण खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण हिशेब पूर्ण मांडून पाहा. समजा साठ हजारांचे काम आहे. साध्या पॉलिशला सहा हजार आणि न पिवळणाऱ्याला दहा हजार लागतात. फरक चार हजारांचा. वर्षभराने तक्रार आली तर तेच काम घासून पुन्हा करायला माल, मजुरी आणि चार-पाच दिवस जातात, आणि ते सगळे आपल्या खिशातून. नाही केले तर ते गिऱ्हाईक जाते, आणि त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची कामेही जातात. चार हजार वाचवून आपण काय मिळवले?

आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही असे म्हणण्यापूर्वी आपण त्याला विचारले होते का, हेही पाहावे. माझ्या त्या घरमालकांना मी कधीच विचारले नव्हते. चार हजार जास्त घ्या पण पिवळे नको, असे ते म्हणाले असते की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

पॉलिश शेवटी ठेवण्याच्या सवयीची ही खरी किंमत आहे. लाकूड, प्लाय, बिजागऱ्या यांवर पैसे संपतात आणि ज्या थरावर गिऱ्हाइकाची नजर रोज पडणार आहे त्याला उरलेसुरले मिळते. म्हणून भाव देतानाच पॉलिशचा वेगळा आकडा लिहावा. दोन पर्याय द्यावेत. साधे, जे पिवळे पडेल. आणि महाग, जे पुष्कळ वर्षे धरेल. गिऱ्हाइकाने सगळे समजून साधे निवडले तर तो त्याचा हक्क आहे, आणि पुढे कॅलेंडर उचलून दाखवण्याची वेळ कोणावर येणार नाही.

दाखवण्यासाठी नमुना तयार ठेवावा. त्याच लाकडाची हातभर फळी घ्यावी, तिच्यावर तीन-चार पॉलिशांचे पट्टे मारावेत, अर्धी बाजू काळ्या कागदाने झाकून ती गच्चीवर उन्हात ठेवावी. आपल्या जिल्ह्याचे चैत्र-वैशाखाचे ऊन महिन्याभरात निकाल देते. कागद काढला की बोलावे लागत नाही, फळीच बोलते.

अमानत

आपण मुसलमान आहोत, म्हणून ही गोष्ट केवळ नफ्या-तोट्याची राहत नाही. बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर ठेवायला हवा होता, अशी समज त्याला मिळाली आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले गेले. आता विचार करा. धान्यातली ओल हात घातला की कळते. पॉलिशमधला पिवळेपणा तर माल घरी पोहोचवून, पैसे घेऊन वर्ष झाल्यावर दिसतो. गिऱ्हाईक हात घालून पाहू शकत नाही. माहीत फक्त आपल्याला असते. म्हणजे जबाबदारी त्या धान्यवाल्यापेक्षा आपली मोठी, लहान नाही.

दुसरी अमानत आपल्या पोरांच्या छातीची. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. स्प्रे मारताना ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही उसळतो. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून असा माल धंद्यात हाताळणाऱ्याला आधी प्रशिक्षण घेणे सक्तीचे झाले आहे. आपल्याकडे पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा तोंडाला रुमाल बांधून बंद खोलीत गन चालवतो. रुमालाने भुसा अडतो, वाफ अडत नाही. रसायनाची वाफ अडवणारे कार्ट्रिज असलेला मास्क, उघडी हवा आणि उलट्या दिशेचा पंखा, एवढे तरी हवेच, आणि गन जाणत्या माणसाच्या हाती हवी. हे जमत नसेल तर पाण्यावरचा माल वापरावा. तोही मास्क लावूनच मारायचा, पण त्याचा धोका पुष्कळ कमी. पांढऱ्या कपाटापायी कोणाचे फुप्फुस खराब होणे, हा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

एकेक दमडी

लहान कारागिराला महाग माल आणखी महाग पडतो, कारण तो एकेक लिटर घेतो, आणि उघडलेला हार्डनर हवेतल्या ओलीने वाया जातो. एका गल्लीतल्या चार-पाच दुकानांनी मिळून मोठा डबा घेतला, कामाच्या तारखा जुळवल्या, नमुन्याची एक फळी सर्वांत मिळून ठेवली, एक चांगला मास्क आणि एक स्वच्छ गन सामाईक ठेवली, तर खर्च वाटला जातो. आपल्या शहरात याचा मोठा दाखला उभा आहे. किल्ल्याच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्यातून १५६७ च्या सुमारास दमडी मशीद उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. तिचे दगडी कोरीव काम पाहायला आजही लोक येतात. दमडी लहान होती, पण ती एकत्र पडली.

आपण मशीद बांधायला निघालेलो नाही, एका डब्याची किंमत वाटून घ्यायची आहे. सुरुवात तर त्याहूनही लहान आहे. पुढच्या कामाचा भाव कागदावर लिहाल तेव्हा ‘पॉलिशसह’ हा शब्द खोडून टाका आणि त्या जागी पॉलिशचे नाव, थर आणि आकडा लिहा. गिऱ्हाईक विचारील, हे काय? तेव्हा त्याला फळी दाखवा. अल्लाह आपल्या हुन्नरात आणि रोजीत बरकत देवो.